पफर जॅकेटमधली हवा आणि फ्लीसचा पोंचो

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना माझ्या तोंडी दर दोन वाक्यांनी येणारं "म्हणजे बघा" शक्य तितकं गाळलंय.

आजचा विषय चक्क शिवणकामाचा आहे. लहान मुलांसाठी फ्लीसच्या कापडाचा पोंचो. पोंचो म्हणजे मधोमध डोक्यापुरतं भोक असलेलं चौकोनी पांघरूण, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या थंड भागांत बरेच आईबाप तो हिवाळ्यात घरच्या मशीनवर शिवतात, आणि त्यामागे नुसती हौस नसते. गाडीतल्या चाइल्ड सीटमध्ये मूल बसवताना त्याच्या अंगात फुगीर जॅकेट असू नये, असं तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाहेर उणे वीस, आणि जॅकेट काढा म्हणे! मग मुलाला ऊब द्यायची कशी? पोंचो हे त्यावरचं उत्तर. पण हा प्रश्न मुळात पडला कसा, हे समजायला जवळजवळ नव्वद वर्षं मागे जावं लागतं, आणि तेही दोन रस्त्यांनी. एक रस्ता जॅकेटचा, दुसरा सीटचा.

जॅकेटचा रस्ता छोटा आहे, तो आधी उरकू. अमेरिकेत सिएटलला एडी बाउअर नावाचा एक माणूस होता. खेळाच्या सामानाचं दुकान चालवायचा. हिवाळ्यात मासेमारीला गेला असताना त्याचे लोकरी कपडे भिजले आणि गारठ्याने तो मरता मरता वाचला. त्यानंतर १९३६ मध्ये त्याने पक्ष्यांची मऊ पिसं भरून, मध्ये टाके घालून एक जॅकेट बनवलं आणि १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. आज आपण ज्याला पफर जॅकेट म्हणतो, त्याचा हा पूर्वज. यातली खरी युक्ती पिसांची नाही, हवेची आहे. पिसं हवा धरून ठेवतात, आणि अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आजीची गोधडी याच तत्त्वावर चालते, फक्त तिथे हवा धरायचं काम जुन्या लुगड्यांचे थर करतात. जॅकेट जितकं फुगीर, तितकी हवा जास्त, तितकी ऊब जास्त. ही हवा लक्षात ठेवा, पुढे तीच गोंधळ घालणार आहे.

आता सीट. लहान मुलांसाठी गाडीतली पहिली सीट १९३३ मध्ये बनी बेअर नावाच्या अमेरिकन कंपनीने काढली. ती कशासाठी होती, सांगा पाहू? मूल उंचावर बसावं आणि मागच्या सीटवर काय उद्योग करतंय हे पुढे बसलेल्या आईबापांना दिसावं, म्हणून! अपघाताचा विचार त्यात नव्हताच. १९४० च्या दशकात लोखंडी सळीच्या चौकटीवर कॅनव्हास ताणलेल्या सीटा आल्या. त्या पुढच्या सीटच्या पाठीवर आकड्यांनी अडकवायच्या, मूल काचेतून बाहेर बघत बसायचं. काहींना तर खेळण्यातलं स्टिअरिंगही लावलेलं असायचं. आज त्यांचे फोटो पाहिले की अंगावर काटा येतो, कारण ब्रेक जोरात लागला तर ते मूल थेट पुढच्या काचेवर. पण त्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या लेखी सीटचं काम "मुलाने गाडीत धुडगूस घालू नये" एवढंच होतं, आणि ते काम ती चोख करत होती. रिक्वायरमेंटच चुकीची लिहिली असेल, तर कोड कितीही नीटनेटका असला तरी काय उपयोग!

रिक्वायरमेंट बदलली ती १९६० च्या आसपास. १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीत निल्स बोहलिन या इंजिनिअरने तीन बिंदूंवर अडकणारा सीट बेल्ट आणला, तोच जो आज आपल्या गाड्यांमध्ये असतो. तो मोठ्यांच्या अंगाच्या मापाचा होता. तीन वर्षांनी, १९६२ मध्ये, दोन माणसांनी एकमेकांपासून लांब, आपापले, मुलांना अपघातात वाचवणारी सीट बनवली. ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी मुलाचं तोंड मागे राहील अशी, इंग्रजी वाय अक्षरासारख्या पट्ट्याची सीट काढली. अमेरिकेत डेन्व्हरला लिओनार्ड रिव्हकिन यांनी धातूच्या चौकटीची, पुढे तोंड असलेली.

यात मला सगळ्यात आवडतो तो स्वीडनचा बर्टिल आल्डमन. हा मूळचा डॉक्टर. त्याने जेमिनी मोहिमेतल्या अंतराळवीरांची आसनं पाहिली. रॉकेट उडताना ते पाठीवर रेलून असतात, त्यामुळे सगळा जोर पाठभर पसरतो. आल्डमनच्या डोक्यात आलं की गाडी समोरून धडकते तेव्हा मुलाची पाठ धडकेच्या दिशेला असेल, तर इथेही तेच घडेल. तान्ह्या मुलाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं आणि मान कच्ची. पुढे तोंड करून बसवलं तर धडकेत पट्टे धड अडवतात, पण डोकं पुढे जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ एकदम सीटमध्ये रुततात. १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत अशा सीटचा पहिला नमुना तपासला गेला. एका क्षेत्रातलं उत्तर दुसऱ्या क्षेत्रात नेऊन बसवणं, इंजिनिअरिंगमध्ये याहून भारी काही नसतं असं माझं मत आहे.

सीट बनल्या, पण वापरणार कोण? इथे गोष्ट टेनेसी राज्यात जाते. मर्फ्रीसबरो नावाच्या गावात रॉबर्ट सँडर्स हे बालरोगतज्ज्ञ होते, जिल्ह्याच्या आरोग्यखात्याचे प्रमुखही. मुलांना लसी देऊन गोवर-पोलिओपासून वाचवायचं आणि तीच मुलं गाडीच्या काचेवर आपटून मरायची, हे त्यांना सहन होईना. ते आणि त्यांची बायको पॅट आमदारांच्या मागे लागले, फोन कर, घरी जा, पुन्हा फोन कर. एकदा विधेयक बारगळलं, दुसऱ्यांदा पास झालं. १ जानेवारी १९७८ पासून टेनेसीत चार वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीटमध्ये बसवणं सक्तीचं झालं. अमेरिकेतला असा हा पहिला कायदा. गंमत म्हणजे मोठ्या माणसांना सीट बेल्टची सक्ती करणारा अमेरिकेतला पहिला कायदा न्यूयॉर्क राज्यात आला, तो १९८४ च्या शेवटी. म्हणजे लेकरं आधी बांधली गेली, आईबाप नंतर.

पण त्या टेनेसीच्या कायद्यात एक पळवाट ठेवली होती. मूल कुणा मोठ्याच्या कुशीत असेल तर सीट नसली तरी चालेल! सँडर्स त्या पळवाटेला "चाइल्ड क्रशर" म्हणायचे, मूल चिरडणारी. हा शब्द भडक वाटतो ना? आकडेमोड करून बघू. गाडीचा वेग ताशी ४८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १३ मीटर. मूल १० किलोचं. गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर मुलाला धरून ठेवायला सुमारे १३५ किलो वजन पेलण्याइतका जोर लागेल. तोही अचानक, बसल्या जागी. जिममध्ये कितीही घाम गाळणारा बाप असो, हे कुणालाच जमणार नाही. वर त्या धरणाऱ्या माणसाने स्वतः बेल्ट लावलेला नसेल, तर त्याचं अख्खं वजन मुलावर येतं, आणि मूल त्याच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये सापडतं. म्हणून तो शब्द. दुसऱ्या भाषेत सांगायचं तर ताशी ४८ च्या वेगाने थांबणं म्हणजे नऊ मीटरवरून, जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून, पडणं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यावर कुणी "मी धरलंय ना" म्हणत बाळाला बसवेल का? १९८१ मध्ये ती पळवाट काढून टाकली गेली, आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत चाइल्ड सीटचा कायदा झाला.

आपल्याकडे? मांडीवर बाळ घेऊन पुढच्या सीटवर बसलेली आई किंवा आजी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, आपल्यापैकी बरेच जण तसेच लहानाचे मोठे झालो. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित केलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड ठेवला. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासूनचा आहे. पुण्यात सिग्नलला थांबून आजूबाजूला नजर टाका आणि किती हार्नेस दिसतात ते मोजा. मला बहुतेक वेळा मोजायला दुसरं बोट लागत नाही.

परत अमेरिकेत. चाइल्ड सीटसाठी तिथे १९७१ पासून सरकारी मानक होतं, २१३ क्रमांकाचं. पण त्यात धडक चाचणी नव्हती! सीट गाडीच्या बेल्टने बांधता आली पाहिजे, मूल सीटमध्ये पट्ट्याने बांधता आलं पाहिजे, अशा अटी होत्या. खरोखर गाडी थांबते तशी सीट जोरात थांबवून बघायची अट १९८१ मध्ये आली. वेग ताशी ३० मैल, म्हणजे आपले तेच ४८ किलोमीटर. सीटमध्ये मुलाच्या आकाराचा पुतळा. दहा वर्षं मानक होतं आणि टेस्ट नव्हती, हे वाचल्यावर मला फार आश्चर्य वाटलं नाही, मी आयटीत काम करतो.

या मानकात एक भाग आहे, तो वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो. पुतळ्याला चाचणीच्या वेळी काय कपडे घालायचे, तेही त्यात लिहिलेलं आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या पुतळ्याला आत पातळ, चौकडीच्या विणीचं थर्मल, वर लांब बाह्यांचा शर्ट, लांब पँट आणि पायात कॅनव्हासचे बूट. शर्टाचं वजनसुद्धा दिलंय, सुमारे ९० ग्रॅम. जॅकेट नाही. म्हणजे सीट पास होते ती साध्या कपड्यातल्या मुलासाठी. आणि मिशिगनमध्ये जानेवारीत त्याच सीटमध्ये बसतं ते पफर जॅकेटमधलं मूल. टेस्टिंगचं वातावरण वेगळं, प्रॉडक्शनचं वेगळं! हा बग ज्याने एकदा तरी रात्री दोनला उठून शोधलाय, त्याला पुढचं सांगायलाच नको.

तरी सांगतो, कारण ती हवा इथे येते. जॅकेट घातलेल्या मुलावर पट्टे आवळले की हाताला ते घट्ट लागतात. खरं तर ते मुलाच्या अंगाला लागलेले नसतात, जॅकेटमधल्या हवेला लागलेले असतात. धडकेच्या जोराने ती हवा क्षणात दाबली जाते आणि पट्टा आणि छाती यांच्यामध्ये ढिलाई उरते. तेवढं अंतर मूल मोकळं पुढे फेकलं जातं आणि मग पट्ट्याला आदळतं. ढिलाई फार असली तर खांदे पट्ट्यातून निसटूही शकतात. जॅकेट बनवणाऱ्याने आपलं काम नीट केलं, सीट बनवणाऱ्याने आपलं नीट केलं. ती दोन्ही कामं एका मुलाच्या अंगावर एकत्र आली, आणि एकाच्या लेखी जी हवा जीव वाचवणारी, तीच दुसऱ्याच्या लेखी घातक.

हे घरी तपासता येतं. जॅकेटसकट मुलाला बसवा, पट्टे नेहमीसारखे आवळा. आता लांबी अजिबात न बदलता बक्कल सोडा, जॅकेट काढा, पुन्हा बक्कल लावा. खांद्याजवळच्या पट्ट्याची उभी चिमूट घेऊन बघा. पट्टा घट्ट असेल तर चिमटीत काहीच येत नाही. पफर जॅकेट काढल्यावर बहुधा चांगली मूठभर घडी येते. तीच ती ढिलाई.

आता फ्लीसकडे. या कापडाची जन्मकथा वेगळ्या भागाच्या लायकीची आहे, पण थोडक्यात. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या जुन्या गिरणगावात मॉल्डन मिल्स नावाची गिरणी होती, मालक ॲरन फॉयरस्टीन. गिरणी नकली फर बनवायची. त्याची फॅशन गेली आणि १९८१ मध्ये गिरणी दिवाळखोरीत निघाली. पण त्याच्या थोडं आधीपासून तिथे पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडाला दोन्ही बाजूंनी ब्रशने घासून लव उभी करायची आणि ती एकसारखी कातरायची, असा प्रयोग चालू होता. तेच फ्लीस. मेंढीच्या लोकरीला इंग्रजीत फ्लीस म्हणतात, नाव तिथून आलं. पण हे कापड लोकरीपेक्षा हलकं, पाणी जवळपास धरत नाही, झटकन वाळतं. पॅटागोनिया या गिर्यारोहणाच्या कपड्यांच्या कंपनीने या गिरणीबरोबर काम करून १९८५ मध्ये आपलं सुधारित फ्लीस बाजारात आणलं आणि ते सगळीकडे पोचलं. त्याआधी याच कंपनीने टॉयलेट सीटच्या कव्हरसाठी बनलेलं लवदार कापड घेऊन त्याचे स्वेटर शिवले होते. खोटं नाही सांगत!

डिसेंबर १९९५ मध्ये त्या गिरणीला प्रचंड आग लागली. अनेक कामगार भाजले. विम्याचे पैसे घेऊन निवृत्त व्हायचं किंवा कारखाना स्वस्त मजुरीच्या देशात हलवायचा, असा सोपा मार्ग सत्तरीच्या फॉयरस्टीनपुढे होता. त्याने तिथेच गिरणी पुन्हा बांधली आणि काम बंद असताना कामगारांचे पगार काही महिने चालू ठेवले. २००१ मध्ये कर्जाच्या ओझ्याने गिरणी पुन्हा दिवाळखोरीत गेली. मुंबईच्या गिरणगावाची गोष्ट आजोबांकडून ऐकलेल्यांना हे वाचताना काय वाटेल, त्याचा अंदाज करू शकतो.

तर, हे कापड पोंचोसाठी का? उबदार आहे, हलकं आहे, आणि कापल्यावर त्याचे दोरे सुटत नाहीत, त्यामुळे कडा दुमडायची गरजच नाही. नवशिक्याला याहून सोपं कापड मिळणार नाही.

माझी ताई मिनिआपोलिसला असते, भाचा अडीच वर्षांचा. गेल्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर आईने पाहिलं की ताई त्याला गाडीत बसवताना जॅकेट काढतेय. "अगं, एवढ्या गारठ्यात लेकराचे कपडे काय काढतेस?" ताई म्हणाली, "आई, पट्टे अंगाला घट्ट बसायला हवेत. वरून पांघरूण घालते ना मी." आईचा जीव काही थाऱ्यावर येईना. मग ताईने फोन गाडीत धरला आणि वरची चिमूट घ्यायची परीक्षा तिला करून दाखवली. आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "मापं पाठव." सांगलीच्या बाजारातून तिने फ्लीस आणलं आणि आमच्या जुन्या पायमशीनवर शिवायला बसली. मी शेजारी बसून टिपणं घेतली, ती देतो.

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला साधारण एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन पुरतो. पुढून गुडघे आणि बाजूने हात झाकले जावेत, पण चालताना पायात येऊ नये, एवढं बघायचं. थंडी फार असेल तर दोन थर घ्या. ते उलट्या बाजूने जोडून, एका कडेला वीतभर जागा सोडून शिवा आणि त्या जागेतून उलटवा. गळा कापताना आई नेहमी आधी लहान कापते, कारण फ्लीस ताणतं. मोठा झालेला गळा परत लहान होत नाही. सुई बोथट टोकाची, विणलेल्या कापडासाठी मिळते ती. टाका जरा लांब, तीन-साडेतीन मिलिमीटर, नाहीतर कापड लाटांसारखं चुणतं. दोरा पॉलिएस्टरचा. इस्त्री थेट ठेवू नका, लव वितळते. सुलट बाजू कुठली कळत नसेल तर आडवी कापलेली कड ताणा, ती उलट बाजूकडे वळते. गळ्याला नाडी किंवा दोरी अजिबात नको, ती कुठेही अडकून गळ्याला फास बसू शकतो. टोपी लावायचीच तर एकेरी कापडाची. जाड टोपी मानेमागे गोळा होऊन डोकं पुढे ढकलते.

वापरायची पद्धत शिवणकामापेक्षा महत्त्वाची. मुलाला पोंचो घालून गाडीपर्यंत न्या. बसवताना मागचा भाग उचलून सीटच्या पाठीवर टाका, म्हणजे मूल त्याच्यावर बसत नाही. पुढचा भाग वर करा, पट्टे मुलाच्या रोजच्या पातळ कपड्यांवर लावा, चिमूट घेऊन बघा, छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत आणा, आणि मग पुढचा भाग पट्ट्यांवरून खाली सोडा. मूल आणि सीट यांच्या मध्ये काही नाही, मूल आणि पट्टे यांच्या मध्येही काही नाही. जे आहे ते सगळं वर. गाडी तापली की पुढचा भाग मागे टाकायचा, पट्टे सोडावे लागत नाहीत. पोंचो शिवायला वेळ नसेल तर पट्टे लावून झाल्यावर त्याचंच जॅकेट उलटं, बाह्या पुढून घालून पांघरलं तरी काम होतं.

एका ऐकणाऱ्याने विचारलंय की चार महिन्यांच्या बाळाला हा चालेल का. नाही. इतक्या लहान बाळाच्या तोंडावर कापड आलं तर ते त्याला बाजूला करता येत नाही. त्याला पातळ कपड्यांचे दोन थर, डोक्याला टोपरं, आधी पट्टे, मग वरून दुपटं, तेही काखेपर्यंतच.